वडिलांची गोळी न्यायला येता, तेव्हा स्वतःचंही बीपी मोजा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर त्याच चिठ्ठ्या येतात. अम्लोडिपिन नाहीतर टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीच्या तीस गोळ्या. चिठ्ठी आईची किंवा वडिलांची, न्यायला आलेला मुलगा किंवा मुलगी पंचविशीतली. "तुमचं कधी मोजलंय का?" विचारलं की बहुतेक जण हसतात. हे माहितीपत्रक त्या हसणाऱ्यांसाठी.

बीपी वारशाने येतं म्हणजे नेमकं काय येतं? एकाच जनुकाचा दोष क्वचित असतो. शेकडो जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो: मूत्रपिंडं मीठ किती धरून ठेवतात, रक्तवाहिन्या किती आवळतात, असं बरंच काही. माणसामाणसांच्या बीपीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण 30 ते 50 टक्के आनुवंशिक मानला जातो. उरलेलं राहणीमानाचं, आणि तेही बऱ्याचदा घरूनच येतं. लोणच्याची बरणी सगळ्यांची एकच असते ना!

आता हृदयाकडे येऊ. आई-वडिलांना बीपी असलेल्या तरुणांची सोनोग्राफीने तपासणी केली, तेव्हा अनेक अभ्यासांत एक गोष्ट दिसली. यंत्रावरचा आकडा नॉर्मल असतानाच काहींच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड होती, आणि ठोक्यानंतर तो कप्पा सैल पडायला जरा जास्त वेळ घेत होता. काहींच्या रक्तवाहिन्याही थोड्या ताठ. जिममध्ये दंड जाड झाला तर आपण आरशात बघतो. दाबाखाली हृदयाची भिंत जाड होणं मात्र चांगलं नाही. ताठ भिंतीचा कप्पा नीट भरत नाही. सुरुवातीचा हा फरक अगदी बारीक असतो, त्याला आजार म्हणत नाहीत आणि तो जाणवतही नाही. म्हणून घाबरून प्रत्येकाने टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला धावू नये. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

घरी एक प्रश्न मात्र जरूर विचारा: "बाबा, तुम्हाला बीपी कितव्या वर्षी लागलं?" अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास चालू आहे. आई-वडिलांना पंचावन्नच्या आत बीपी लागलं असेल, तर मुलांना धोका जास्त, असं त्यात दिसलं. सत्तरीत लागलेल्या बीपीची गोष्ट वेगळी.

मोजताना घाई नको. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीवर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. घरी मशीन घेणार असाल तर दंडावरचंच घ्या. मनगटावरचं आम्ही ठेवतो, पण सुचवत नाही. घरी सरासरी 135/85 किंवा दवाखान्यात 140/90 च्या वर आकडा वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तिशीच्या आत असं झालं तर ते मूत्रपिंड, थायरॉइड वगैरे कारणंही तपासतात.

आणि आमच्याच धंद्याविरुद्ध एक सांगतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, जिममधली स्टेरॉइड्स, पोटासाठीची फसफसणारी पावडर, एवढंच काय रोज घेतलेलं ज्येष्ठमधसुद्धा बीपी वाढवू शकतं. घरात बीपी असेल तर घेण्याआधी आम्हाला तसं सांगा. चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. यात पापड, फरसाण, वडापावही आले.

दुकानात बीपी मोजायचे पैसे नाहीत. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसता येतं.