सात सुवर्णांमागचा आठवा क्रमांक

ऑलिंपिकच्या तलावात कुणी चार-पाच सुवर्णपदकं घेतली की जलतरणपटू मार्क स्पिट्झचं नाव निघतंच. १९७२ साली म्युनिकमध्ये सात शर्यती, सात सुवर्णं आणि सातही वेळा जागतिक विक्रम. हा हिशेब पुष्कळांना पाठ असतो. त्याआधीचं मेक्सिको सिटी मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

१९६८ मध्ये १८ वर्षांचा हा अमेरिकन पोरगा 'सहा सुवर्णं आणणार' म्हणून बसला होता. मिळाली दोन, तीही रिलेची. बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे फेकत पोहण्याची शैली; तिच्या १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यतींचे जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होते. तरी १०० मीटरमध्ये डग रसेलने त्याला मागे टाकलं, आणि २०० मीटरच्या अंतिम फेरीत तो आठ जणांत आठवा आला.

पुढची वर्षं गेली इंडियाना विद्यापीठात, डॉक कौन्सिलमन यांच्या हाताखाली. हात पाण्याला नेमका कसा रेटतो हे पाण्याखालून चित्रीकरण करून तपासणारे हे प्रशिक्षक.

म्युनिकला स्पिट्झची पहिलीच शर्यत होती २०० मीटर बटरफ्लाय, मेक्सिकोत त्याचं नाक कापणारी तीच. २८ ऑगस्टला ती त्याने २ मिनिटं ०.७० सेकंदांत जिंकली. डोळ्यांवर गॉगल नाही, डोक्यावर टोपी नाही, वर ऐटबाज मिशी. ती कशाला, असं एका रशियन प्रशिक्षकाने विचारलं, तर 'पाणी तोंडावरून बाजूला सारते' अशी थाप त्याने बिनदिक्कत मारली.

खरी कसोटी १०० मीटर फ्रीस्टाइलची. हरलो तर सगळ्यावर पाणी, म्हणून तो ती सोडायला निघाला होता. जुने प्रशिक्षक शर्म चावूर यांनी त्याला उतरवलं. ५१.२२ सेकंद, जेरी हायडनराइख अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने मागे.

४ सप्टेंबरला सातवं पदक गळ्यात पडलं. दुसऱ्याच पहाटे इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला. स्पिट्झ स्वतः ज्यू. समारोपाची वाट न पाहता त्याला संरक्षणात म्युनिकबाहेर हलवलं गेलं.

वय २२, आणि कारकीर्द तिथेच संपली. हौशीपणाचे नियम तेव्हा कडक होते. जाहिरातींचा पैसा घेतला की ऑलिंपिकची दारं बंद. सात सुवर्णांचा विक्रम ३६ वर्षं टिकला, २००८ मध्ये बीजिंगला अमेरिकेच्याच मायकेल फेल्प्स या जलतरणपटूने आठ घेईपर्यंत. मधे १९९२ च्या बार्सिलोनासाठी ४१ वर्षांचा स्पिट्झ १०० मीटर बटरफ्लायसाठी पुन्हा पाण्यात उतरला होता. पात्रतेसाठी ठरलेल्या वेळेपेक्षा त्याला दोनेक सेकंद जास्त लागले.