राजेपण : नाट्य, चित्र आणि शिल्पकलेतील

रंगमंचावरील, पडद्यावरील किंवा चित्र-शिल्पातील व्यक्ती राजा अथवा राणी आहे हे तिचे नाव कळण्याआधीच पाहणाऱ्याला जाणवावे, अशा रीतीने तिचे उभे राहणे, चालणे, पाहणे आणि तिच्या भोवतालची जागा घडवण्याच्या कलेला राजेपण म्हणता येईल. मुकुट, छत्र, सिंहासन ही त्याची नेहमीची सामग्री. मात्र ती काढून घेतल्यावरही राजेपण टिकते आणि ती सगळी असूनही ते उमटत नाही, असे दोन्ही प्रकार कलेच्या इतिहासात आढळतात.

सर्वांत जुना आणि सोपा उपाय आकाराचा. इजिप्तमधील नार्मरच्या शिलापट्टावर (सुमारे इ.स.पू. ३१००) राजा इतरांपेक्षा कितीतरी मोठा कोरलेला आहे; त्याच्या चपला घेऊन मागे उभा असलेला सेवक त्याच्यापुढे अगदीच लहान दिसतो. मथुरेच्या संग्रहालयातील कुशाण सम्राट कनिष्काच्या पुतळ्याला असा कुणी सोबती नाही. त्याला तर डोकेही उरलेले नाही. तरीही बाहेर वळवलेली जड बुटांतील पावले, घंटेसारखा पसरलेला लांब अंगरखा, एक हात गदेवर आणि दुसरा तलवारीवर, एवढ्यावर तो पुतळा दालन ताब्यात घेतो. चेहऱ्यावरचे तेज वगैरे बोलले जाते, त्याला हा चांगला उतारा आहे.

नाट्यात हे काम मुख्यतः गतीवर चालते. भरताच्या नाट्यशास्त्रात देव आणि राजे यांच्या पावलांतील अंतर चार ताल, मध्यम पात्रांचे दोन आणि नीच पात्रांचे एक ताल सांगितले आहे. ताल म्हणजे येथे लांबीचे माप. उत्तम पात्राची लयही संथ ठेवली आहे. घाई इतरांनी करायची, राजाने नाही, हा संकेत जगातील अनेक नाट्यपरंपरांत दिसतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तो नर्तक म्हणून अंगी बाणवला होता. १६५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने दरबारी बॅलेत उगवत्या सूर्याची भूमिका केली. इयासँत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेल्या त्याच्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रात साठी ओलांडलेला राजा राज्याभिषेकाचा झगा बाजूला सारून पांढऱ्या मोज्यातला पाय पुढे टाकतो, तो नर्तकाच्याच ऐटीत. हे चित्र स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवायचे होते. लुईला ते इतके आवडले की त्याने स्वतःकडेच ठेवले.

राजाची भूमिका राजा करत नाही, दरबारी करतात, असे नाट्यवर्तुळात म्हटले जाते. एकटा नट कितीही ताठ उभा राहिला तरी तो फार तर गर्विष्ठ वाटतो. तो आत येताच बोलणी थांबली, वाट मोकळी झाली, कुणी पाठ फिरवली नाही, की मग तो राजा. या तत्त्वाचा चित्रकलेतील सर्वांत चतुर वापर व्हेलास्केझच्या ‘लास मेनिनास’मध्ये (१६५६) आहे. राजा-राणी तेथे मागच्या भिंतीवरील छोट्या आरशात पुसट दिसतात. पण राजकन्येपासून चित्रकारापर्यंत अनेकांच्या नजरा चित्राबाहेर, राजा-राणी उभे असावेत त्या जागेकडे वळलेल्या आहेत. चित्रपटात हे काम कॅमेऱ्याची उंची आणि प्रकाश करतात. आयझेनस्टाइनच्या ‘इव्हान द टेरिबल’च्या पहिल्या भागात (१९४४) झारची सावली भिंतीवर त्याच्याहून कित्येक पटींनी मोठी होते.

सामग्रीचा अतिरेक उलटतोही. आंग्रने १८०६ मध्ये सिंहासनावरील नेपोलियन रंगवताना राजदंड, सोनेरी पुष्पमुकुट, मखमल, गरुडचिन्ह असे काहीच सोडले नाही. त्या वर्षीच्या प्रदर्शनात समीक्षकांनी चित्राला ताठर आणि जुनाट ठरवले. व्हॅन डाइकने सुमारे १६३५ मध्ये केलेल्या शिकारीच्या चित्रात इंग्लंडचा पहिला चार्ल्स याच्या अंगावर राजचिन्हे जवळजवळ नाहीतच. कमरेवर हात, खांद्यावरून टाकलेली नजर, शेजारी मान झुकवलेला घोडा आणि खाली ठेवलेली क्षितिजरेषा. चार्ल्स मुळात ठेंगणा होता, हे चित्र पाहताना लक्षातही येत नाही.

नटाची खरी कसोटी राज्य गेल्यावर लागते. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’मध्ये राजा भर सभेत स्वतःच्या हाताने मुकुट सोडतो. सत्ता दुसऱ्याकडे गेली तरी प्रेक्षकांच्या नजरा रिचर्डवरच राहाव्या लागतात. त्या ढळल्या तर प्रवेश पडतो. पदत्यागाचा हा प्रसंग राज्यकर्त्यांना झोंबणारा होता. पहिल्या एलिझाबेथच्या हयातीत छापलेल्या प्रतींत तो नाही. छापील रूपात तो प्रथम १६०८ मध्ये आला.