जुना टूटू बाजारात येतो कुठून?

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर दिवसभर फिरलं तर जुने लष्करी कोट, हॅट, लेस लावलेले झगे डोळे भरून पाहायला मिळतात. बॅलेवर जीव असलेला माणूस मात्र तिथे एकच गोष्ट शोधत असतो : खरोखर रंगमंचावर नाचून आलेला टूटू, म्हणजे बॅले नर्तिकेचा जाळीच्या फुललेल्या घेराचा पोशाख. तो सहसा मिळत नाही. जे मिळतं ते बहुतेक शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शिवलेलं असतं. ही टंचाई समजायला हवी असेल तर या पोशाखाचा इतिहासच पाहावा लागतो.

मुळात टूटू नर्तिकेच्या मालकीचा नसतो. तो असतो कंपनीच्या कपडेपटाचा. एका भूमिकेसाठी शिवलेला टूटू ती भूमिका करणाऱ्या पुढच्या मुलीकडे जातो, मग तिच्या पुढचीकडे. कंबर कमी-जास्त करता यावी म्हणून पाठीवर हुकांच्या दोन-तीन ओळी असतात आणि आतल्या पट्टीवर नर्तिकांच्या नावांच्या फिती. घामाने बॉडिस, म्हणजे वरचा घट्ट चोळीसारखा भाग, कुजला की तो बदलायचा, जाळी लोळागोळा झाली की ती उसवायची, टिकल्या आणि जर काढून नव्या पोशाखाला लावायची. असा वापरून वापरून संपवलेला कपडा बाजारात येणार तरी कसा?

सुरुवात सांगायची तर १२ मार्च १८३२ला पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ झाला तिथून. मारी ताग्लिओनी वनपरी झाली होती आणि तिच्यासाठी योजलेला पांढरा, घंटेसारखा, पोटरीपर्यंत येणारा तलम घागरा पुढे साऱ्या युरोपने उचलला. त्या काळी असा फुललेला घेर शक्य झाला, त्यामागे इंग्लंडमधल्या जॉन हीथकोटचा मोठा वाटा. हाताने विणायला दिवसचे दिवस लागणारी जाळी यंत्रावर विणण्याचं पेटंट त्याने १८०८-०९मध्ये मिळवलं. १८१६मध्ये यंत्रांवर रागावलेल्या कामगारांनी, म्हणजे लडाइटांनी, त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली पन्नासहून अधिक यंत्रं फोडली, तेव्हा तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला आणि तिथे जाळीचा उद्योग रुजला. परीकथेतल्या त्या धुक्यासारख्या घेराला गिरणीचा असा खडखडाट जोडलेला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण ती जाळी आणि मलमल पेट घ्यायला वेळ लावत नसे, आणि रंगमंचावर गॅसचे दिवे उघडे जळत. डिसेंबर १८४४मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टरचा घागरा पेटला. ती तीन दिवसांनी गेली. पॅरिसमध्ये एमा लिव्री ही ताग्लिओनीची लाडकी शिष्या. ताग्लिओनीने १८६०मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा बॅले बसवला, त्यात मशालीच्या ज्योतीत पंख जळणाऱ्या फुलपाखराची भूमिका तिची. आग लागू नये म्हणून रसायनात बुडवलेलं कापड वापरावं असा नियम तोवर झाला होता. पण त्याने जाळी ताठ आणि मळकट दिसते म्हणून एमाने ते नाकारलं. १५ नोव्हेंबर १८६२ला तालमीत तिचा घागरा दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३मध्ये ती गेली. वय अवघं वीस. तिच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्या काळातले टूटू इतके कमी का उरले, याचं एक उत्तर त्या चिंध्यांत आहे.

घागरा आखूड झाला तो तंत्रामुळे. इटालियन नर्तिका पायांचं अवघड काम घेऊन रशियात आल्या आणि ते काम प्रेक्षकाला दिसणं भाग होतं. १८८५मध्ये व्हर्जिनिया झुक्कीने सेंट पीटर्सबर्गमध्ये आखूड टूटूचा आग्रह धरला. १८९५च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर बत्तीस फुएते, म्हणजे दुसरा पाय झटकत घेतलेल्या गिरक्या, मारले, पोटरीपर्यंतच्या घेरात त्यांचं सौंदर्य दिसलंच नसतं. विसाव्या शतकात तो घेर आणखी वर चढत कमरेभोवती आडवा, चपटा झाला. जाळीचे दहा-बारा थर, मधल्या थरात तारेची कडी, आणि थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून हाताने घातलेले सैल टाके, अशी त्याची रचना. न्यूयॉर्कमध्ये पोशाखकार बार्बरा कारिन्स्काने १९५०च्या सुमारास नृत्यदिग्दर्शक बॅलंशिनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी ती कडीच काढून टाकली. थर कमी, टोकं मऊ. कितीही मुली शेजारी-शेजारी नाचल्या तरी घेर एकमेकांवर आपटत नाहीत. आज आपण जो टूटू डोळ्यांसमोर आणतो, त्यात तिच्या हाताचा वाटा मोठा आहे.

जुन्या बॅले पोशाखाला बाजारभाव आला तो १९६७पासून. ‘बॅले र्यूस’ ही रशियन बॅले कंपनी काढणाऱ्या द्यागिलेव्हच्या आणि नंतर कर्नल द बाझिलच्या कंपनीचे पोशाख वर्षानुवर्षं पॅरिसजवळच्या मोंरूज इथल्या गोदामात पडून होते. सदबीज या लिलावसंस्थेने लंडनमध्ये ते लिलावात काढले. १९६८च्या लिलावात बॅले शाळेच्या विद्यार्थ्यांनी ते अंगावर घालून दाखवले. १९७३च्या लिलावात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने मोठा साठा घेतला, ते संग्रहालय लोकांसाठी उघडण्याच्या कितीतरी आधी. तोवर जुने कपडे म्हणून कोपऱ्यात टाकलेली गाठोडी एकदम कलावस्तू ठरली. याचं मला दुःख नाही. लिलाव झाले नसते तर द्यागिलेव्हसाठी पोशाख रेखाटणाऱ्या बाक्स्तचे कितीतरी पोशाख कसरीने खाल्ले असते. पण सामान्य चाहत्याच्या हाती लागायची शक्यता तेव्हाच मावळली, हेही खरं.

रशियन नर्तिका आन्ना पाव्हलोव्हाच्या ‘मरणोन्मुख हंसा’चा पोशाखही लंडनच्या संग्रहालयात आहे. तिचा आपल्याशी संबंध आहे तो १९२०च्या दशकातल्या भारतभेटींमुळे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून लंडनला गेलेल्या उदय शंकरांनी १९२३मध्ये तिच्याबरोबर राधा-कृष्णाचं नृत्य केलं. पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मादाम मेनका आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही तिने आपल्याच मातीतलं नृत्य शोधायला सांगितलं. टूटू घालून जग फिरलेल्या बाईने आपल्या मुलींना टूटूपासून दूर नेलं, आणि ते आपल्या नृत्याच्या भल्याचंच झालं.

आता खरेदीला निघालेल्यासाठी. टूटू आधी उलटा करून पाहावा. बाहेरची झळाळी फसवते, आतली शिलाई नाही. नावाच्या फिती, हुकांच्या वाढवलेल्या ओळी, काखेतले घामाचे डाग, वेगवेगळ्या धाग्यांची दुरुस्ती दिसली तर तो नाचलेला आहे. खळ घातलेली सुती जाळी दमट हवेत मऊ पडते. बोटाने दाबून सोडल्यावर लगेच उसळणारी जाळी नायलॉनची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची. युद्धकाळात आणि नंतर १९४९पर्यंत ब्रिटनमध्ये कपड्याचं रेशनिंग होतं, त्यामुळे त्या वर्षांतल्या पोशाखात जोड दिलेलं, काटकसरीने वापरलेलं कापड आढळलं तर तो दोष मानू नये. उलट त्याची किंमत माझ्या लेखी जास्त. विक्रेत्याने मोठ्या नर्तिकेचं नाव घेतलं तर कोणता बॅले, कोणती भूमिका, कोणता हंगाम हे विचारावं आणि कार्यक्रमपत्रिका किंवा छायाचित्र मागावं.

घरी आणल्यावर तो घालून नाचू नये. जुने टाके एका उडीत उसवतात. धुऊही नये. कपडेपटात टूटू उलटे टांगतात, म्हणजे थर खाली लोंबत नाहीत. पण जाळी जीर्ण असेल तर टांगण्यापेक्षा मोठ्या खोक्यात आडवा ठेवावा, बॉडिसमध्ये आम्लरहित कागद भरावा आणि ऊन लागू देऊ नये.