स्वतःशी बोलणे

स्वतःशी बोलणे (स्वसंवाद) : ऐकणारा दुसरा कोणी नसताना स्वतःलाच उद्देशून केलेले बोलणे. ते मोठ्याने असेल, ओठांतल्या ओठांत असेल किंवा मनातल्या मनात. ‘आठ नि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक’ ही बेरीज पहिलीदुसरीतले मूल मोठ्याने म्हणत करते, पुढे नुसते ओठ हलतात आणि मोठेपणी तेही हलत नाहीत. हातचा मात्र अजूनही शब्दांतच धरलेला असतो. म्हणूनच परदेशात वर्षानुवर्षे राहिलेली, पण मराठी शाळेत पाढे पाठ केलेली माणसे हिशेबाला बसली की बरेचदा ‘बे चोक आठ’वरच येतात.

मोठ्याने पुटपुटणाऱ्याला लोक विक्षिप्त ठरवतात. हा समज चुकीचा आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत अपायकारकही.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी १९२३ मध्ये मुलांच्या अशा बोलण्याला ‘आत्मकेंद्री भाषा’ म्हटले. मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही म्हणून ते असे बोलते, आणि समज आली की हे बोलणे विरून जाते, असे त्यांचे मत होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी हे उलटे मांडले : बोलणे विरत नाही, आत जाते. त्यांनी चित्र काढणाऱ्या मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या, ऐन वेळी हवा तो कागद किंवा हव्या त्या रंगाची पेन्सिल मिळू दिली नाही. तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढले. ट्रामचे चित्र काढणाऱ्या एका मुलाच्या पेन्सिलीचे टोक चाक गिरवताना तुटले. तो ‘मोडलं’ असे पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवू लागला. तोंडातून निघालेल्या एका शब्दाने पुढचे सगळे चित्र ठरवले. हे बोलणे कामाच्या सोबतीला नसते, ते कामाला वळण देते.

साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात ते सर्वांत जास्त ऐकू येते, मग कुजबुज होते आणि शेवटी आत मुरते. आत गेल्यावर त्याचा आकारही बदलतो. थांब्यावर ताटकळलेली माणसे ‘आपण जिची वाट पाहत होतो ती बस आली’ असे म्हणत नाहीत, ‘आली!’ म्हणतात, कर्ता सर्वांना ठाऊक असतो. स्वतःशी बोलताना तर तो कायमच ठाऊक असतो, म्हणून मनातली वाक्ये तुटक असतात. याचा अर्थ विचार म्हणजे नुसते दबलेले बोलणे असा नव्हे. १९४७ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने क्युरारी गटातले औषध स्वतःवर टोचून घेतले. स्नायू पूर्ण लुळे पडले, ओठ-जीभ हलवणेही अशक्य झाले, श्वास दुसऱ्यांनी चालवला. तरी त्या काळात घडलेले सारे त्यांना नंतर सांगता आले.

मग बोलण्याचा उपयोग काय? पहिला उपयोग स्मरणाचा. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या व पुढे बॅडली यांनी विस्तारलेल्या कार्यस्मृतीच्या (काम चालू असताना माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) प्रतिमानात एक ध्वनिफेरा आहे, म्हणजे ऐकलेले किंवा वाचलेले आवाजाच्या रूपात मनात घोळवत ठेवणारा भाग. त्यात सुमारे दोन सेकंदांत म्हणून होईल एवढाच मजकूर टिकतो. ओटीपीचे सहा आकडे पुटपुटत असताना कोणी ‘चहा घेणार का?’ विचारले की ते गळतात ते यामुळेच. दुसरा उपयोग शोधाचा. गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंगली यांच्या २०१२ च्या प्रयोगांत शोधायच्या वस्तूचे नाव मोठ्याने म्हटल्यावर ती लवकर सापडली. पण वस्तू नावाला साजेशी दिसत असेल तरच. ‘किल्ली, किल्ली’ म्हणताना डोळ्यांपुढे उघडी किल्ली असते. ती लाल पाकिटात असेल तर ‘लाल पाकीट’ म्हणावे.

तिसरा उपयोग, आणि बहुधा सर्वांत मोलाचा, चूक टाळण्याचा. जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत १०० क्रियांमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक लोको पायलट एकमेकांना सिग्नल पुकारतात. ती देवाणघेवाण असली, तरी उच्चारणाऱ्याचे लक्षही सिग्नलवर बांधले जाते.

असे बोलणे शिकवण्यासाठीची पद्धत डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांसाठी वापरली. आधी मोठा माणूस बोलत बोलत काम करून दाखवतो, मग तो बोलतो आणि मूल करते, मग मूल मोठ्याने बोलत करते, मग कुजबुजत, शेवटी मनात. वाक्ये छोटी आणि ठरावीक कामाची हवीत : काय करायचे आहे, कसे करू, आता हळू, झाले. चुकल्यावरचे वाक्यही आधीच शिकवायचे : ‘चुकलं, हरकत नाही, पुन्हा बघू.’ पद्धत फसते ती बहुधा दोन ठिकाणी. शिकवणारा कुजबुजीची पायरी गाळतो, किंवा हे चुकल्यावरचे वाक्य देत नाही. मग पहिल्या खोडरबरालाच मूल सगळे सोडून देते.

मोठ्यांनाही सूचना तपशिलाची हवी. ‘जमेल तुला’पेक्षा ‘कोपर वर, नजर चेंडूवर’ हे नेमक्या हालचालींच्या कामात जास्त फळते. २०११ च्या ३२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेच दिसले. मात्र हात बसलेल्या कामात प्रत्येक हालचाल शब्दांत पकडू गेले की ओघ तुटतो. मुरलेल्या खेळाडूला एकच शब्द पुरे.

भावनांच्या बाबतीत सर्वनाम महत्त्वाचे. ईथन क्रॉस व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासांत, तणावाच्या प्रसंगाआधी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव किंवा ‘तू’ वापरून विचार करणारे लोक कमी घाबरले. मराठीला हे परके नाही. मनालाच हाक मारून समजावण्याची रीत संतवाङ्मयात जुनी आहे. उलट ‘मी फार छान आहे’सारखी घोकंपट्टी जपून करावी. २००९ मध्ये जोआन वुड व सहकाऱ्यांना आढळले, की आधीच आत्मसन्मान कमी असलेल्यांना असे वाक्य घोकल्यावर अधिक वाईट वाटते, कारण मन लगेच विरोधी पुरावे काढते.

आजाराची खूण मोठ्याने बोलण्यात नसते. हे शब्द माझेच आहेत हे भान सुटणे, दुसऱ्याचा आवाज ऐकू येऊन त्याला उत्तरे देणे, तो आवाज हुकूम सोडतो असे वाटणे, ही लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तेच ते दोषारोप रात्ररात्र चालू राहून झोप आणि काम बिघडत असेल तेव्हाही मदत घ्यावी. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.