पांढरा किडा दिसला की लगेच चिरडू नका, आधी तो पळतोय का बघा

संत्रं, मोसंबी, लिंबू, कुठल्याही झाडाचं एक फळ हातात घ्या आणि देठापाशी ज्या बारीक हिरव्या पाकळ्या असतात ना, त्यांच्या खाली डोकावून बघा. कापसाचा बोळा चिकटल्यासारखं पांढरं काही दिसलं तर तो बहुतेक पिठ्या ढेकूणच. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं मेण असतं म्हणून हे नाव पडलं. मादी जेमतेम 3 मिलीमीटरची, तिला पंखच नसतात, एकदा सोयीची जागा मिळाली की सोंड खुपसून रस पीत बसते ती फारशी हलतच नाही, आणि शेवटी कापसासारख्या पिशवीत 300 ते 600 अंडी घालून मरून जाते. नराला पंख असतात पण तोंडच नसतं, त्यामुळे तो खात नाही, दोन-चार दिवसांत त्याचा खेळ संपतो. म्हणजे नुकसान सगळं मादी आणि पिल्लं करतात.

रस पिताना त्यातली जास्तीची साखर ते मागून टाकतात, तोच हा चिकटा. पानं-फळं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी धरते, पान काळं पडलं की त्याला ऊन मिळत नाही.

मग लोक फवारणी करतात. साहजिक आहे, पण इथेच गाडं अडतं, कारण अंगावर मेण, अंडी पिशवीच्या आत, आणि निम्मे किडे पाकळ्यांखाली, सालीच्या भेगांत किंवा दोन फळं एकमेकांना टेकतात त्या फटीत, तिथे औषध पोचणार कसं? जे उघड्यावर असतात ते मरतात, लपलेले वाचतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना खाणारे मित्रकीटक तर उघड्यावरच हिंडत असतात, ते आधी जातात.

या मित्रकीटकांमधला माझा सगळ्यात आवडता म्हणजे क्रिप्टोलिमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्डसारखा छोटा भुंगेरा, 4-5 मिलीमीटरचा, पाठ काळपट आणि डोकं नारिंगी. पण खरी गंमत त्याच्या अळीत आहे. ती दिसते हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी! तेच पांढरं मेण, उलट जास्तच झिपरं. मी पहिल्यांदा भिंगातून बघितली तेव्हा मलाही वाटलं हा मोठा झालेला पिठ्याच आहे, आणि मग ती तुरुतुरु चालायला लागली, समोरच्या अंड्यांच्या पिशवीत तोंड घालून खायला लागली. ओळखायची खूण हीच, पिठ्याला काडीने डिवचलं तर तो जागचा जेमतेम हलतो, ही अळी पळते. शिवाय पूर्ण वाढलेली अळी 13 मिलीमीटरपर्यंत जाते, म्हणजे पिठ्याच्या चौपट लांब. हे माहीत नसलं की माणूस "बापरे केवढा मोठा किडा" म्हणून नेमकी हीच चिरडतो, खूप वाईट वाटतं असं बघितलं की.

अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाने 1891-92 मध्ये हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आणला. सुरुवातीला त्याने पिठ्याचा फडशा पाडला, पण थंडी त्याला सोसत नाही, त्यामुळे हिवाळ्यात संख्या अगदी कमी व्हायची आणि वसंतात पिठ्या पुढे निघून जायचा. मग लोकांनी डोकं लढवलं. अंधाऱ्या खोलीत बटाट्यांना मोड आणायचे, त्या मोडांवर पिठ्या वाढवायचा आणि पिठ्यावर भुंगेरे, मग ते बागेत नेऊन सोडायचे, झाडाला साधारण 10. शत्रूला मुद्दाम पोसायचं म्हणजे विचित्र वाटतं, पण मित्रांना खायला दुसरं काय देणार!

तरी एक अडचण राहतेच. क्रिप्टोलिमस खादाड आहे, त्याला भरलेलं ताट लागतं. पिठ्या थोडा उरला की तो दुसरीकडे निघून जातो. तिथे कामाला येतात परोपजीवी माशा, म्हणजे अगदी चिमुकल्या गांधीलमाशा, माणसाला चावत-बिवत नाहीत. लेप्टोमॅस्टिक्स ही त्यातली एक, पिवळसर तपकिरी, 3 मिलीमीटरची. ती मिशांनी पिठ्याला ठोकून ठोकून तपासते आणि पसंत पडला तर त्याच्या अंगात एक अंडं घालते. आतली अळी पिठ्याला पोखरून खाते, मग तो फुगून तपकिरी पिंपासारखा कडक होतो, आणि अडीच-तीन आठवड्यांत एका टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर! विरळ असलेला एकेकटा पिठ्याही ती हुडकून काढते. अशाच दुसऱ्या दोन जातींच्या माशा 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेल्या, तिथे लिंबूवर्गीय बागांत पिठ्याची एक वेगळी जात धुमाकूळ घालत होती, आणि दोनेक वर्षांतच ती आटोक्यात आली. मला तर हे कुठल्याही औषधापेक्षा भारी वाटतं.

आता एक गोष्ट जी नेहमी विसरली जाते, मुंग्या. त्यांना चिकटा गोड लागतो, म्हणून त्या पिठ्याची अक्षरशः राखण करतात, माशी अंडं घालायला आली की हुसकावतात, भुंगेऱ्याला चावतात. झाडावर मुंग्यांची रांग चालू असताना मित्रकीटक सोडले तर पैसे पाण्यात. म्हणून आधी जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाजवळचं गवत काढा म्हणजे त्यांना वर जायला एकच रस्ता उरतो, तो खोडाचा, आणि त्या खोडावर चिकट पट्टा बांधा. पट्ट्याचा चिकट लेप थेट सालीला लावू नका, साल खराब होते, आधी कागद किंवा कापड गुंडाळून त्यावर लावा. धूळ बसली की तो बदलावा लागतो, नाहीतर मुंग्या धुळीवरून आरामात जातात.

भुंगेरे सोडल्यावर रोज पांढरं दिसतंय म्हणून घाबरू नका आणि मध्येच फवारणी तर अजिबात करू नका. त्याऐवजी एखादी डहाळी ठरवून ठेवा आणि आठवड्याने भिंग घेऊन तीच बघा. अंड्यांच्या पिशव्या फाटलेल्या दिसतायत का, पळणाऱ्या झिपऱ्या अळ्या आहेत का, तपकिरी पिंपं किती आणि त्यातल्या किती पिंपांना भोक पडलंय, ते मोजा.