वाहनांचे करमूल्य

कर आकारण्यासाठी सरकार गाडीची जी किंमत धरते, ते तिचे करमूल्य. व्यवहारात हातोहात गेलेल्या पैशांशी ते जुळेलच असे नाही. वाहनकर इंजिनाची क्षमता, वजन किंवा कार्बन उत्सर्जनावर बसत असेल तर किमतीचा प्रश्नच येत नाही. आयात शुल्क, विक्रीकर, मालमत्ता कर, मालकी बदलतानाचा कर हे मात्र बहुधा किमतीच्या टक्क्यांत लागतात आणि तिथे वादाला तोंड फुटते.

नव्या गाडीचे बीजक समोर असते, त्यामुळे काम सोपे वाटते. तरी सवलत धरायची का, वरून बसवलेल्या वस्तू मोजायच्या का, हे ठरवावेच लागते. ब्रिटनमध्ये नोकरदाराला कंपनीने दिलेल्या गाडीच्या लाभावर कर लागतो तो उत्पादकाच्या जाहीर किंमतपत्रिकेनुसार. कंपनीने घासाघीस करून गाडी कितीही स्वस्तात घेतली असली तरी. आयात गाड्यांसाठी जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन कराराप्रमाणे आधी प्रत्यक्ष दिलेली किंमत पाहतात. ती ग्राह्य धरता आली नाही, तर तशाच किंवा तत्सम मालाच्या किमतीकडे वळतात.

खरी अडचण वापरलेल्या गाड्यांची. खरेदीखतावर खऱ्यापेक्षा कमी रक्कम लिहिणे दोघांनाही सोयीचे असते: विकणाऱ्याचे काही जात नाही, घेणाऱ्याचा कर वाचतो. म्हणून सरकारे कागदावरच्या आकड्यावर विसंबत नाहीत. प्रत्येक गाडी तपासायला माणसेही नसतात. मग उरते ते कोष्टक.

स्पेनचे अर्थ मंत्रालय दरवर्षी मॉडेलनिहाय नव्या गाड्यांच्या किमती आणि वयानुसार घसारा (किंमतीतली घट) वजा जाता उरणाऱ्या किमतीचे टक्के राजपत्रात छापते. पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ८४, तिसऱ्या वर्षी ६७, असे उतरत बारा वर्षांपुढे १० टक्के. यादीत २०,००० युरो किंमत असलेली साडेसात वर्षांची गाडी २८ टक्क्यांवर येते, म्हणजे ५,६०० युरो. करारात ३,००० लिहिले असले तरी हिशेब ५,६०० वर होतो. कराचा दर ४ टक्के असेल तिथे १२० ऐवजी २२४ युरो भरावे लागतात. गाडी खरोखरच खिळखिळी असेल तर ते सिद्ध करण्याचा खटाटोप मालकाच्या गळ्यात.

अमेरिकेत राज्याराज्यांत पद्धत बदलते. कॅलिफोर्नियात मालकाने मोजलेली किंमत आधार धरून ती अकरा वर्षांच्या ठरीव उतरंडीने १५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात आणि तिच्यावर ०.६५ टक्के शुल्क घेतात. ॲरिझोनात उत्पादकाच्या मूळ किमतीचे ६० टक्के धरून दरवर्षी १६.२५ टक्के घट देतात. बाजार चढो वा पडो, या आकड्यांना त्याचा पत्ता नसतो. व्हर्जिनियात उलट आहे. तिथली स्थानिक प्रशासने १ जानेवारीचा बाजारभाव किंमत-पुस्तिकांतून घेतात. २०२१-२२ मध्ये नव्या गाड्यांचा तुटवडा पडून जुन्यांचे भाव भडकले, तेव्हा एक वर्षाने जुनी झालेली गाडी कराच्या कागदावर महाग झाली. बाजारभाव हा न्याय्य निकष खरा, पण तो लोकांना पटतो भाव उतरत असतात तोवरच.

कोष्टकांना न्यायालयानेही लगाम घातला आहे. युरोपियन संघाच्या न्यायालयाने २००१ साली पोर्तुगालच्या एका प्रकरणात म्हटले की दुसऱ्या सदस्य देशातून आणलेल्या जुन्या गाडीवरचा कर, देशातच नोंदलेल्या तशाच गाडीवर नवी असताना भरलेल्या कराचा जो भाग तिच्या किमतीत अजून मुरलेला आहे, त्यापेक्षा जास्त असता कामा नये. ठरीव कोष्टक वापरायला हरकत नाही. मात्र ते आपल्या गाडीला लागू पडत नाही, हे दाखवण्याची वाट मालकाला खुली हवी. सिद्ध करायचे ते किलोमीटरचा आकडा, अपघाताची कागदपत्रे, तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल यांतून. वयाचे कोष्टक यांतले काहीच पाहत नाही: टॅक्सी म्हणून दिवसरात्र पळालेली आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी त्याला सारखीच.

घसारा उलटा फिरतो तो संग्राहकांच्या गाड्यांत. ब्रिटनच्या कंपनी-गाडी नियमात त्यासाठी वेगळी तरतूद आहे: गाडी पंधरा वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल आणि तिचा बाजारभाव किमान १५,००० पौंड असून मूळ जाहीर किमतीपेक्षा जास्त असेल, तर बाजारभावच धरतात.