एक दशांश टक्का, पण कशाच्या वजनाचा?

इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो आणि आम्हा इंदूरकरांना त्याचा रास्त अभिमान आहे. परंतु त्या कप्प्यात पडणाऱ्या चार्जरमध्ये शिसे किती असणार, हे तो कारखान्यात तयार होतानाच ठरून गेलेले असते. घातक पदार्थांवर मर्यादा घालणारे नियम नेमके तेथे लागू होतात.

युरोपीय संघाने हे निर्बंध १ जुलै २००६ पासून अमलात आणले. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांतील तशीच तरतूद १ मे २०१४ पासून लागू झाली आणि २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आणि प्लॅस्टिक सहजासहजी पेटू नये म्हणून त्यात मिसळली जाणारी दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त संयुगे यांना ०.१ टक्के, तर कॅडमियमला ०.०१ टक्के इतकीच मुभा आहे.

या नियमाचा खरा कस टक्क्यात नसून टक्का कशाचा धरायचा यात आहे, असे मला वाटते. संपूर्ण उपकरणाचे वजन धरले असते, तर १० किलोच्या दूरदर्शन संचात १० ग्रॅम शिसे चालले असते, म्हणजे ३७ टक्के शिसे असलेले जुने सोल्डर (सुटे भाग जोडण्यासाठी वितळवून लावला जाणारा मिश्रधातू) तब्बल २७ ग्रॅमपर्यंत वापरता आले असते. म्हणून यांत्रिक रीतीने ज्याचे आणखी वेगळे घटक करता येत नाहीत, अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थाला ही मर्यादा स्वतंत्रपणे लावली जाते: तारेचे आवरण वेगळे, आतले तांबे वेगळे, स्क्रूवरचा मुलामा वेगळा आणि सोल्डरचा सांधाही वेगळा.

त्यामुळे सोल्डरच बदलावे लागले. कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे. त्याच्या जागी आलेले कथील, चांदी आणि तांबे यांचे मिश्रण सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, त्यामुळे सुट्या भागांनाही अधिक उष्णता सोसेल असे घडवावे लागले. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे बारीक तंतू वाढून शॉर्टसर्किट होऊ शकते. पूर्वी थोडे शिसे मिसळून ते रोखले जाई. काही विशिष्ट उपयोगांना मात्र अजूनही सवलत आहे, उदाहरणार्थ ८५ टक्के किंवा त्याहून अधिक शिसे असलेले, उच्च तापमानाला वितळणारे सोल्डर.

दुरुस्तीच्या दुकानांत मात्र शिशाचे सोल्डर अजून वापरले जाते. त्याचा धूर प्रामुख्याने सोल्डरसोबत वापरल्या जाणाऱ्या राळेचा असतो, शिशाचा नव्हे. शिसे बोटांना लागून खाण्याबरोबर पोटात जाते, म्हणून तेथील कारागिरांनी जेवण्यापूर्वी साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे. नव्या उपकरणासोबतच्या माहितीपुस्तिकेत ते या मर्यादा पाळते असे घोषणापत्र देणे उत्पादकावर बंधनकारक आहे, आणि बाजारातील नमुने उचलून ते तपासण्याचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.